पाण्यापासून जपा

शेखर सर कॉलेजात ती जुनी शोकांतिका शिकवायला लागले, की शेजारच्या वर्गातली पोरं दाराशी येऊन उभी राहायची. भविष्य टाळायला निघालेला राजा आपल्याच पायांनी त्या भविष्यात जाऊन पडतो, अशी ती गोष्ट. "नशीब-बिशीब काही नसतं रे! घाबरला, तिथंच संपला तो," असं सर टेबलावर थाप मारून सांगायचे. बावीस वर्षं सांगितलं. लोका सांगे ब्रह्मज्ञान, दुसरं काय!

कारण घरचा प्रकार वेगळाच होता. मुलगी सृष्टी जन्मली तेव्हा सरांच्या आईनं, चतुराबाईंनी, मनमाडच्या एका गुरुजींना पत्रिका दाखवली होती. गुरुजी म्हणाले, पोरीला पाण्यापासून जपा. सर तेव्हा हसले, पण भीती पोटात जाऊन बसली ती बसलीच. सृष्टी आठ वर्षांची असताना तिच्या आईनं, उज्वलाताईंनी, तिला पोहण्याच्या क्लासला घातलं, हौसेनं गुलाबी टोपी आणली. सरांनी दुसऱ्याच दिवशी तिचं नाव काढलं. "त्या औषधाच्या पाण्यानं तिला सर्दी होते," एवढंच बायकोला सांगितलं. पत्रिकेचं बोलायची त्यांना लाज वाटली. गोदेकाठच्या नाशकात पोर एकोणीस वर्षांची झाली, पण तिला पाण्यात हात मारता येईना.

आणि गेल्या महिन्यात ती सायखेड्याला मैत्रिणीच्या, तेजस्विनीच्या, द्राक्षबागेत गेली. शेततळ्याच्या काठावर फोटो काढताना तळ्यात अंथरलेल्या प्लॅस्टिकवरून दोघींचे पाय घसरले. गड्यानं दोर आणेपर्यंत दोन-तीन मिनिटं गेली. तेजस्विनी तेवढा वेळ तरंगत राहिली. सृष्टीला ते जमलं नाही.

तेराव्यानंतर पाहुणे गेले आणि घर खायला उठलं. उज्वलाताई जेवेनात, झोपेनात. "मीच तिला जा म्हणाले हो. मीच मारलं माझ्या लेकीला," असं म्हणत भिंतीवर डोकं आपटायच्या. सरांना ते बघवेना. गुरुजींचं बोलणं सांगितलं तर हिच्या जिवावरचं ओझं उतरेल, हे त्यांना कळत होतं. पण मग सगळंच सांगावं लागलं असतं. चार दिवस त्यांची जीभ रेटेना.

पाचव्या दिवशी दुपारी त्यांनी ताईंचा हात हातात घेतला.

"उज्वला, तुझी काही चूक नाही गं. तिच्या पत्रिकेतच होतं. पाण्यापासून घात आहे, असं गुरुजींनी आईला सांगितलं होतं."

ताईंनी वर बघितलं. कितीतरी दिवसांनी त्यांच्या डोळ्यांत जरा धुगधुगी आली. "म्हणजे होणारच होतं?"

"होणारच होतं," सर म्हणाले. स्वतःचा आवाज त्यांनाच खोटा वाटला.

ताईंनी हात सोडवून घेतला.

"अहो, म्हणजे तुम्हाला माहीत होतं," त्या म्हणाल्या. "पाणी तिच्या वाटेत येणार हे माहीत होतं, आणि तरी तुम्ही तिला पोहायला शिकू दिलं नाहीत?"

ताई उठल्या, सृष्टीच्या खोलीत गेल्या आणि त्यांनी आतून कडी लावून घेतली.