गाडीची झूल

बैल विकले त्याला दोन पावसाळे उलटले, तरी यशोदाबाईंच्या गोठ्यातली दावण तशीच होती. खुंट्यांना दोऱ्या लोंबत होत्या, गव्हाणीत चिमण्या नांदत होत्या. बैल होते तेव्हा पोळ्याच्या आधी यशोदाबाई झुली शिवायच्या. गावात म्हण पडली होती की बैल कसाही असो, यशोदाबाईंची झूल पाठीवर पडली की नवरदेव होतो. आता पोळा यायचा आणि दारापुढून दुसऱ्यांचे बैल मिरवत जायचे. यशोदाबाई ओट्यावर बसून त्यांच्या झुलींचे टाके मोजायच्या. कुणाचा आडवा गेला, कुणाचा सैल पडला, सगळं मनातल्या मनात. सांगणार कुणाला?

घर रस्त्यावरच. अमळनेरहून निघालेली एसटी गावाच्या फाट्यावर थांबायची, बाकीच्या गाड्या धूळ उडवत पुढे. जात्यावर बसलं की यशोदाबाईंच्या ओठी आपसूक ओवी यायची :

मना दारना म्होरे ग रस्ता जास जळगावले
किती ग गाड्या गयात, एक ना थांबे गावले

लेक जळगावला होता. लीलाधर. त्याचं बियाण्यांचं दुकान बरं चाललं होतं, आणि त्या साली त्यानं मोठी गाडी घेतली. आठ माणसं बसतील अशी, उंच, पांढरीशुभ्र. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, तो ती घेऊन आला तेव्हा यशोदाबाईंनी चाकांखाली लिंबं ठेवली, नारळ फोडला, आणि सगळे आमरसाच्या जेवणाला आत गेले तशा हळूच सुताचा दोरा घेऊन गाडीत शिरल्या. पुढच्या दोन्ही सीटांचं माप घेतलं, जसं बैलाचं घेतात तसं. पाठ केवढी, पोट केवढं, वशिंड किती वर.

मग उन्हाळाभर त्या शिवत राहिल्या.

शेजारची तानुबाई ताकाला आली की दारातूनच टोमणा मारायची. "यशोदाबाई, बैल तं इकी टाकात, आते झूल कोनले शिवी राहिनी व माय?"

"मना लेकनी गाडीले."

"गाडीले? शिंगं शेत का तिले? डरकस का?"

"डरकस मन! ऐकजो तू, कानबाईले उना म्हंजे."

तानुबाई हसायची, ताक घेऊन जायची, आणि घर पुन्हा सुईएवढं बारीक व्हायचं. एका झुलीला यशोदाबाईंनी गेलेल्या नवऱ्याचं, रुपचंदचं, धोतर लावलं होतं. पेटीतलं शेवटचं, मऊ, दुधाच्या सायीसारखं. दुसरीला स्वतःचं लग्नातलं हिरवं लुगडं. धोतराची झूल लेकाच्या सीटला, लुगड्याची तिच्या शेजारच्या. म्हणजे आपण घरी असलो तरी नवरा-बायको दोघं लेकाबरोबर गाडीतून हिंडू, असं काहीतरी त्यांच्या मनात होतं. ते त्यांनी तानुबाईला सांगितलं नाही. हसली असती.

श्रावणात कानबाईच्या सणाला लीलाधर आला. बायको प्रमिला, दोघी पोरी. रविवारी भाऊबंद जमले, रोटांचा नैवेद्य झाला, रात्रभर देवीपुढे गाणी झाली. सोमवारी देवी नदीत सोडून बायका ओल्या पदरांनी परतल्या, आणि तेव्हा कुठं यशोदाबाईंनी झुली बाहेर काढल्या. स्वतः गाडीत चढल्या. सीटच्या पाठीवरून ओढल्या, बसायच्या जागेवर ताणल्या, खालून नाड्या आवळल्या. बैलाची झूल पोटाखालून बांधतात तशा, पक्क्या, चारी बाजूंनी. कडेला कवड्या, मधे चांदवा.

"माय!" लीलाधर बघतच राहिला. "अगं, किती काम केलं तू! शोरूममध्येसुद्धा असं मिळत नाही." त्यानं धोतराचा पोत ओळखला असावा. हात फिरवता फिरवता एका जागी थांबला.

यशोदाबाईंना वाटलं, आता म्हणेल, माय, चल चार दिवस. गाठोडं त्यांनी पहाटेच बांधून दाराआड ठेवलं होतं.

पण गाडीभोवती माणसं जमली होती. हिलाल, शेजारचा ट्रॅक्टरवाला, गावात सगळ्यात आधी त्यालाच गाडीतलं कळायला हवं. त्यानं दार उघडलं, मिटलं, आरशात मिशी बघितली आणि खांद्याजवळची काळी पट्टी धरून विचारलं, "हाऊ पट्टा कसाले शे, भाऊ?"

"बेल्ट. सीटबेल्ट." लीलाधरला खेळ मिळाला. त्यानं पट्टा हलक्या हातानं ओढला, तो सरसर आला. मग एकदम हिसडला, तसा तो जागीच अडला. "बघ. हळू ओढला तर येतो. झटका बसला की धरून ठेवतो."

"म्हंजे ड्रायव्हरले बी दावं!" हिलाल म्हणाला, आणि सगळे हसले.

यशोदाबाई हसल्या नाहीत. "धरी ठेवस? कसाले धरी ठेवस?"

"अगं, ब्रेक लागला, धडक बसली, तर माणूस काचेवर जाऊ नये म्हणून. आता नव्या गाड्यांना देतातच."

काचेवर. तो शब्द लीलाधरच्या तोंडून सहज निघून गेला आणि मग त्यालाच ऐकू आला.  हिलालनं पट्टा सोडला.

रुपचंद पिंपळनेरला लग्नाला गेला होता. परतताना जीपमध्ये पुढे बसला, मानाचा पाहुणा म्हणून. रस्त्यात म्हैस आडवी आली. जीप उलटली नाही की कुठं आदळली नाही, नुसता ब्रेक लागला. ड्रायव्हरला धरायला चाक होतं. रुपचंदला धरायला काही नव्हतं. बाकीच्यांना खरचटलंसुद्धा नाही. ते सगळे नंतर या ओट्यावर येऊन बसले होते आणि पुन्हा पुन्हा तेच सांगत होते, भाबी, काहीच झालं नव्हतं हो.

"मंग बांधी ले ना," यशोदाबाई म्हणाल्या.

"बांधीन गं."

"आते बांध. माले देखू दे."

लीलाधर सीटवर बसला, पट्टा छातीवरून आणला आणि डाव्या कुशीला चाचपू लागला. हाताला नुसतं धोतर लागत होतं. "याची कडी," तो म्हणाला, "झुलीखाली गेली वाटतं." आणि आईचा चेहरा बघून लगेच हसला. "राहू दे, माय. मी तरी कुठं लावत होतो? जळगावात कुणीच लावत नाही. तुझी झूल झकास आहे."

त्याला आईचं मन मोडायचं नव्हतं. यशोदाबाईंना ते कळलं, आणि कळलं म्हणूनच अंगावर काटा आला. लेक आपल्या मायेपायी उघडाच निघाला होता. उन्हाळाभर ज्या टाक्यांशी त्या बोलत बसल्या, त्यांनीच ती कडी बुजवली होती.

प्रमिला जवळ आली. "आत्याबाई, मग काढूनच ठेवू या का? घरी दिवाणावर घालीन मी. छान दिसतील."

दिवाणावर. यशोदाबाईंनी गाडीकडे पाहिलं. हिरवी आणि पांढरी, दोन्ही झुली शेजारी शेजारी बसल्या होत्या.

"कैची आन व, प्रमिला."

"माय, बाबांचं धोतर आहे ते!"

"माले म्हायती शे. मीच शिवेल शे."

"अगं, कापू नको. नाड्या सोडू, तशीच—"

"लीला," त्या म्हणाल्या. लहानपणीचं नाव. "तुना बापले धराले काहीच नव्हतं."

प्रमिलानं कैची आणून दिली. यशोदाबाईंनी गुडघा पायरीवर टेकवला, झुलीवरून बोटं फिरवून कडी कुठं आहे ते पाहिलं. पहिली कातर घालताना हात थांबला. जुनं कापड, कैची लागताच बिनआवाज चिरत गेलं. लुगडं मात्र त्यांनी एका दमात कापलं. स्वतःचं होतं ते. नुसतं भोक ठेवलं तर फाटत जाईल, म्हणून सुई ओवून भोवती काज विणायला बसल्या. सदऱ्याला असतं तसं, फक्त मोठं.

लीलाधर घड्याळ बघत होता. पारोळ्याला प्रमिलाचे आईवडील वाट बघत असतील, तिथून त्यांना आणि त्यांच्या सामानाला घेऊन पुढे जायचं होतं. पोरी हॉर्न वाजवत होत्या. गाडी खरंच डरकत होती, आणि तानुबाई ओट्यावरून ओरडली, "डरकस बरं का व, यशोदाबाई!" यशोदाबाईंनी मान वर केली नाही. शेवटचा टाका दातानं तोडला.

काजातून कडी वर आली. लीलाधरनं पट्टा ओढला. खट्.

"झालं? आता तरी हस."

त्यांनी पट्ट्याला हात लावून पाहिला. त्याच्या छातीवरून गेलेला, खाली श्वास हलत होता. एकदा हळूच ओढला, तो आला. जोरात ओढायचं धाडस झालं नाही.

"दिवाळीले येशी?"

"येतो ना. आणि तेव्हा तुला घेऊनच जाईन. आज सासरे, सामान... जागाच नाही बघ."

"हाव. दिवाळीले."

गाडी निघाली. पोरींचे हात खिडकीबाहेर हलले, मग खिडकी, मग गाडी, मग धूळ. वळणापलीकडे गेल्यावर त्यानं पट्टा काढला असेल का, हे यशोदाबाईंना कधीच कळणार नव्हतं. त्या आत गेल्या. दाराआडचं गाठोडं सोडून लुगडी पेटीत ठेवली. धोतराचा कापलेला तुकडा मुठीतच राहिला होता, तो पोलक्यात खोचला.

दुसऱ्या दिवशी सकाळी जात्याशी बसल्या, पण ओवी आली नाही. बाहेर येऊन ओट्यावर बसल्या. एक गाडी आली, गेली. यशोदाबाई आता गाडीचा रंग बघत नव्हत्या, नंबर बघत नव्हत्या. चालवणाऱ्याच्या खांद्यावर पट्टा आहे का, ते बघत होत्या. नाही. पुढच्याच्याही नाही. त्याच्या पुढच्याच्याही नाही. दुपार कलली तरी त्या उठल्या नाहीत. प्रत्येक उघड्या छातीमागे कुणाची तरी माय ओट्यावर बसलेली असेल, असं वाटून त्या पदराआड हात नेऊन तो तुकडा चाचपत राहिल्या.