येते हं

शुक्रवारी ऑफिस सुटलं की विमान पकडायचं, परक्या शहरात पाय तुटेपर्यंत हुंदडायचं आणि सोमवारी शहाण्यासारखं खुर्चीत बसायचं, हे माझं वेड. यावेळी रविवारी तिथून निघताना, ज्यांच्याकडे उतरले होते त्या घरमालकीणबाईंना सवयीने म्हणाले, "येते हं." 'जाते' म्हणायचं नाही, ही आईची शिस्त. आमचा दुभाषा म्हणजे माझा फोन. त्याने इमानदारीत सांगितलं, ही परत येतेय.

सोमवारी ऐन मीटिंगमध्ये बाईंचा मेसेज आला. "काल जेवायची थांबले होते. आज तरी येशील ना?"

मी तोंड लपवून गदगदा हसायला लागले. मी रडतेय असं वाटून साहेब हळूच म्हणाले, "घरी कुणी आजारी आहे का?"

"नाही हो, उपाशी आहे," म्हणत मी टेबलाखाली फोनवर शुक्रवारचं त्याच शहराचं तिकीट काढलं.