खालचा आकडा

रसायनशास्त्राच्या सरांना मुलं पाठीमागे 'तराजू' म्हणत. समीकरणाच्या दोन्ही बाजू समान झाल्याशिवाय हा माणूस घोटभर पाणीही पीत नसे. जगात भांडणं नसतातच, फक्त अभिक्रिया असतात, हा त्यांचा लाडका सिद्धांत. लग्न म्हणजे संयोग, काडीमोड म्हणजे अपघटन, आणि शेजाऱ्याची बायको त्याच्याच मित्राबरोबर गेली ते विस्थापन. स्वतःच्या घरात काय चाललंय, तेवढं मात्र अभ्यासक्रमाबाहेर.

मुलगी बॅग घेऊन माहेरी आली, तेव्हाही सरांनी आधी पेपरांचा गठ्ठा तपासून संपवला. तिला सासरी परत जायचं नव्हतं. जावई म्हणजे सरांचाच विद्यार्थी, वर्गात कायम पहिला. सरांनी मार्क बघून मुलगी दिली होती. आता कर म्हणावं मार्कांशी संसार. तिकडे हिची नोकरी खुपत होती, हिचं मोठ्यानं हसणं खुपत होतं, उलट विचारणं तर फारच.

"थोडं तू बदल," सर म्हणाले. "नोकरी सोड, जरा हळू हसत जा. दोन्ही बाजू जुळल्या की प्रश्न मिटला."

मुलगी उठून शिकवणीच्या फळ्यापाशी गेली आणि तिनं खडू उचलला. "हायड्रोजन अधिक ऑक्सिजन, बाण, पाणी. डावीकडे ऑक्सिजनचे अणू दोन, उजवीकडे एक. काय करू?"

"पाण्याच्या आधी दोन लिही. मग हायड्रोजनच्या आधीही दोन," सर सवयीनं म्हणाले.

"कशाला एवढी यातायात? पाण्यातल्या ऑक्सिजनच्या खाली बारीक दोन लिहिते. झालं समान."

"खालच्या आकड्याला हात लावायचा नाही," सर खेकसले. "हिशेब जुळेल, पण पाणी राहणार नाही. पेरॉक्साइड होईल. पिऊन बघ मग."

"नववीत याच चुकीला तुम्ही मला सगळ्या वर्गासमोर शून्य दिलं होतंत." तिनं खडू खाली ठेवला. "आणि आता माझ्याच खाली आकडे लिहिताय, बाबा."

सरांना लाज वाटली. ती लपवायला ते फळा पुसू लागले.

"बरं झालं," दारातून त्यांची बायको म्हणाली. "कुणीतरी एकदाचा तुमचा पेपर तपासला."

संध्याकाळी जावई न्यायला आला. कडक इस्त्रीचा शर्ट, चेहऱ्यावर जगाचं शहाणपण. मुलगी आतल्या खोलीत गेली.

"सर, माझं म्हणणं साधं आहे. हिनं नोकरी सोडली, जरा तोंड आवरलं, की सगळं नीट बसतं."

"आणि तुमच्या बाजूला काय बदलणार, जावईबापू?"

"आमचं काय, आमचं बरोबरच आहे."

सरांनी खिशातलं लाल पेन काढलं, समोर कागद नाही म्हणून पुन्हा आत ठेवलं. "शून्य," ते म्हणाले.

जावई बावचळला. शाळेतली जुनी खोड उसळून आली. "सर, निदान पद्धतीचे तरी अर्धे?"

"पद्धतच चुकलीय तुझी." जावयाला आपण 'तू' म्हटलं, हे सरांच्या लक्षातही आलं नाही. "घरी जा आणि पुन्हा सोडव. ती इथंच राहील."

आतल्या खोलीतून मुलीचं हसणं ऐकू आलं, चार घरं पलीकडे जाईल एवढं मोठं. 'जरा हळू' म्हणायला सरांनी तोंड उघडलं, आणि काही न बोलता मिटलं.