माझ्यात मावेल तेच घ्या

मी बोलतोय, मुकुंदवाडीतल्या तंत्रनिकेतनाचा सगळ्यात जुना कॉम्प्युटर. मेमरी चौसष्ट के. तुमच्या मोबाइलमधला एक फोटोसुद्धा माझ्यात मावायचा नाही. माझ्यात मावेल तेच घ्या, हे चाळीस वर्षं सांगतोय, पण ऐकतंय कोण!

सत्यशीला मॅडम जानेवारीअखेर निवृत्त व्हायच्या होत्या. प्राचार्य म्हणाले, "शनिवारच्या प्रदर्शनात ह्या धुडानं काही काम करून दाखवलं तर ठेवू, नाहीतर भंगारात." मॅडमच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. नोकरीला लागल्यावर त्यांनी पहिला प्रोग्रॅम माझ्यावरच लिहिला होता. मेंढी कधी विणार ते सांगणारा. वडील खंडेराव अजिंठ्याकडं मेंढरं राखायचे, त्यांच्यासाठी. तो साठवलेली फ्लॉपी बुरशीनं खाल्ली. आता तोच प्रोग्रॅम पुन्हा लिहायचा, तर कंपायलर हवा. म्हणजे माणसानं लिहिलेलं मला समजावणारा दुभाषी.

कपाटात दोन निघाले. 'सी' भाषेच्या तीन फ्लॉप्या आणि उशीएवढं पुस्तक. 'पास्कल'ची एकच फ्लॉपी.

"मॅडम, सीच घ्या," नवा शिक्षक ऋतुराज म्हणाला. "पास्कलवर आज नोकरी लागते का?"

अरे, नोकरी मला लागायचीय का? माझ्या पोटात जागा किती, ते तरी विचार!

लॅबमधल्या बद्रीनाथनं पुस्तक हातात तोललं. "व्हय मॅडम, हेच लई भारी दिसतंय." झालं! स्थळ बघायला जाऊन बैठकीतला सोफा बघावा, तसला प्रकार.

पहिली फ्लॉपी, दुसरी, तिसरी, पुन्हा पहिली. फ्लॉप्या वाचणारा माझा ड्राइव्ह कण्हायला लागला. अर्ध्या तासानं मी पडद्यावर लिहिलं, मेमरी संपली. कंपायलरच सगळं घर अडवून बसला, मॅडमच्या पंधरा ओळी कुठं ठेवू?

"मशीनच बेकार आहे," ऋतुराज म्हणाला. माझं टाळकंच सटकलं.

बद्रीनाथनं ड्राइव्हला कान लावला. "मॅडम, ह्यो आता एकदाच वाचंल. लई झालं तर."

मॅडमनी कुणालाही न विचारता पास्कलची फ्लॉपी सरकवली. तो एका दमात आत आला, गुमान एका बाजूला बसला, निम्मी जागा मोकळी ठेवली. आणि ड्राइव्हनं मान टाकली. आता वाचणं नाही, साठवणं नाही. जे काय आहे ते वीज असेपर्यंत. मॅडमनी पुंडलिकनगरच्या घरचा इन्व्हर्टर आणून मला जोडला आणि प्रोग्रॅम टाइप केला.

शनिवारी खंडेराव आले. "मेंढी दसऱ्याला गाभण गेली," म्हणत त्यांनी बोटं मोजली. "शिमग्याच्या दोन रोज आधी विणंल."

मॅडमनी दसऱ्याची तारीख टाइप केली. मी लिहिलं, एक मार्च. मॅडमनी कॅलेंडर दाखवलं, शिमगा तीन मार्चला.

"व्हय, बराबर हाय," म्हातारा म्हणाला. "पण पोरी, ह्याला बोटं कुठं हायेत?"

सगळे हसले. प्राचार्यांनी भंगारवाल्याला परत पाठवलं.

मॅडम निवृत्त झाल्या. जाताना बटनावर चिठ्ठी डकवून गेल्या, 'बंद करू नये'. झाडणाऱ्या चंपाबाईला वाचता येत नाही, तरी ती त्या बटनापासून हातभर लांब राहते. आणि आज हा शिकलेला ऋतुराज आलाय. पडदा जरासा थरथरला, तर म्हणतो, "हँग झालाय वाटतं. एकदा बंद करून चालू करू."

अरे बाबा, तुझ्या पाया पडतो. मॅडमच्या पंधरा ओळी आहेत रे माझ्यात, परत आत घ्यायला ड्राइव्ह नाही. चिठ्ठी वाच. हात काढ!