चुन्याची निवळी आणि परीक्षकांचा चहा

ताईच्या परीक्षानळीतली चुन्याची निवळी दुधासारखी पांढरी झाली. पण हे लगेच विसरून जा, कारण परीक्षकांच्या मते असं काही घडलंच नव्हतं.

धाकटा भाऊ ताई म्हणतो म्हणून अख्खी शाळा तिला ताईच म्हणायची. रसायनशास्त्राच्या प्रात्यक्षिकात ती एकदा आपटली होती. आज पुन्हा आपटली तर पुढच्या वर्षी त्याच धाकट्याच्या वर्गात बसायचं. त्या नगाने बाकावर जागासुद्धा धरून ठेवली होती. "खिडकीकडची तुला, ताई. माझं मन मोठं आहे."

म्हणून ताईने हात आखडता घेतला नाही. खाण्याचा सोडा एक चमचा सांगितला होता, तिने चंबूत चार घातले. वर व्हिनेगर ओतलं आणि नळीचं बूच घट्ट बसवलं. फसफसून कार्बन डायऑक्साइड निघाला, नळीतून बुडबुडत निवळीत शिरला, आणि निवळी पांढरी!

"सर! झाली!"

"आलोच." परीक्षक चहात बिस्किट बुडवत होते. ते तुटून कपात पडलं. मग चमच्याने शोधमोहीम. इकडे बुडबुडे थांबेनात. सर येईपर्यंत जादा वायूने सगळा पांढरेपणा विरघळवून टाकला. निवळी पुन्हा नितळ, जणू त्या गावचीच नाही.

"कुठाय पांढरी?"

"आत्ता होती, सर!"

"पोरी, आत्ता आत्तापर्यंत मीही तरुण होतो. पुरावा?"

ताईचं डोकं तापलं. आणि तापण्यावरूनच तिला आठवलं. तिने परीक्षानळी चिमट्यात धरून बर्नरवर नेली. निवळी उकळली, विरघळलेला वायू पळाला, पांढरेपणा मुकाट्याने परत आला.

"हलायचं नाही!" सर निवळीवर ओरडले. अख्खा वर्ग जागच्या जागी थिजला.

'पांढरी झाली का?' या चौकटीत सरांनी होय, नाही, परत होय असं लिहिलं आणि उरलेल्या कोपऱ्यात दहापैकी नऊ कोंबले. दाराबाहेर कान लावून बसलेला धाकटा कळवळला, "मग माझ्या शेजारी कोण?"

"तुझं मोठं मन," ताई म्हणाली आणि तिथेच एक गिरकी घेतली.

परीक्षकांनी अहवालाच्या तळाशी लिहिलं: 'तरी यापुढे सर्व वायूंनी परीक्षकांचा चहा संपेपर्यंत आपापल्या अभिक्रिया स्थगित ठेवाव्यात, आणि तसे आदेश संबंधित रेणूंना मंडळामार्फत तातडीने देण्यात यावेत, ही नम्र विनंती.'