मधे कोणी नाही

माझ्या स्वयंपाकघरातल्या टेबलावर तारा जोडायच्या डाखाचे डाग आहेत आणि ते मी पुसत नाही. व्हिडिओची केबल मी घरीच बनवते. बेनगाझीत बायकांच्या दालनात लग्नाचं शूटिंग करणाऱ्या आम्ही चौघी. बाकीच्या तिघी दुकानातून पाच-पाच मीटरच्या केबली आणतात आणि जोडावर जोड मारत बसतात. मी रिळावरून तीस मीटर अखंड कापून घेते. वरचं काळं साल सोलायचं, आतली तारेची जाळी मागे दुमडायची, मधली तांब्याची तार पिनेत घालून डाख द्यायचा. जाळीचा एक धागा जरी मधल्या तारेला टेकला तरी चित्र गायब. रीळ विकणारा पहिल्यांदा म्हणाला होता, "हे बाईमाणसाचं काम नव्हे." मी म्हटलं, "तू एक बारीक वेणी घालून दाखव, मग बोलू."

केबल लागते कारण दालनं मोठी असतात. मागे बसलेल्या म्हाताऱ्यांना नवरी दिसत नाही, म्हणून कॅमेऱ्यातलं चित्र मागच्या टीव्हीवर न्यायचं. दारातून आत आल्यावर बायका अंगभर लपेटलेली चादर काढून ठेवतात, केस मोकळे सोडतात आणि मनसोक्त नाचतात. ते चित्र कुठल्याही परक्या पुरुषाच्या नजरेला पडता कामा नये. माझा सगळा धंदा त्या एका भरवशावर चालतो.

ईदनंतर लग्नाच्या एका हॉलचा मालक हाज मिफ्ताह, त्याने त्याच्या हॉलमध्ये नवीन नियम काढला. बाहेरची केबल बंद, भिंतीतल्या सॉकेटातच जोडायचं. त्या सॉकेटाची तार भिंतीपलीकडच्या मशीनच्या खोलीतून फिरून टीव्हीला येते आणि त्या खोलीत त्याचा पुतण्या फरज बसतो. मीही मुकाट्याने दोन लग्नं तिथून काढली. तिसरं लग्न इंतिसारचं होतं, तेव्हा मात्र मी अडले.

"हाज, फरज आत काय करतो?"

"आवाज बघतो. त्या खोलीत टीव्हीच नाही, बाई."

"मग माझी केबल घातली तर तुमचं काय बिघडतं?"

"बाहेरच्या वायरीने आग लागते. घरी बनवलेल्या तर विचारूच नकोस. पटत नसेल तर दार तिकडे आहे!"

ठीक आहे म्हटलं. मी त्याच्या सॉकेटात पिन खुपसली. पाहुण्या बायका नुकत्याच यायला लागल्या होत्या, चादरी अजून अंगावरच होत्या. नवरीची आत्या हाज्जा मबरूका धुपाचं भांडं घेऊन सगळ्यांना धूप देत फिरत होती. मी ते तिच्या हातातून घेतलं, निखाऱ्यावर मूठभर धूप जास्तच टाकला आणि भांडं कॅमेऱ्यासमोर धरलं.

"काय करतेस गं? भाजशील!"

"थांबा जरा, हाज्जा. गंमत बघा."

बाकी दालनात धुराचा एक पट्टासुद्धा दिसत नव्हता, पण टीव्हीवर धुराशिवाय दुसरं काही नव्हतं. मिनिटही झालं नसेल, तोच दार आपटलं आणि आग विझवायचा लाल सिलिंडर कवटाळून फरज बायकांच्या दालनात घुसला. "आग! बाहेर पडा!" बायका किंचाळल्या, चादरी तोंडावर ओढल्या. तो मधोमध उभा राहून आग शोधत होता.

"कुठेय आग?" मी विचारलं.

"धूर दिसला ना!"

"तुझ्या खोलीला खिडकी नाही. दिसला कुठून?"

त्याने सिलिंडर खाली ठेवला. चेहरा पडला, पण मला त्याची कीव आली नाही.

मिफ्ताह धावत आला आणि दाराच्या पडद्याबाहेरूनच म्हणाला, "अगं, पोरगा फक्त चित्र नीट येतंय का बघतो."

"आत्ता तर टीव्हीच नव्हता!" आमचं मघाचं बोलणं ऐकलेली हाज्जा मबरूका म्हणाली. "तुझ्या बायकोला बसव की नाचायला, तिचंही चित्र नीट येतंय का बघू दे त्याला."

"माझ्या हॉलमध्ये माझा नियम. तिची वायर घातलीत तर मी वीजच तोडीन!"

"तोडा," मी म्हटलं. "अंधारात ह्या सगळ्याजणी बाहेर पडतील आणि का पडल्या ते घरोघर सांगतील. उद्यापासून तुमच्या हॉलात कबुतरं नाचवा."

मिफ्ताहने फरजला बाहेर बोलावून घेतलं आणि वीज चालूच राहिली. मी पिशवीतून पक्कड काढली, भिंतीतलं सॉकेट उपटलं आणि तार कापली. त्याची भरपाई त्याने माझ्याकडे खुशाल मागावी. पण त्या आधीच्या दोन लग्नांतल्या बायकांना मी काय तोंड दाखवणार होते? दुसऱ्या दिवशी त्यांच्या दारात जाऊन मी स्वतःच्या तोंडाने सांगितलं. एकीने दार लावून घेतलं. बरोबर केलं तिने.

लग्नाच्या त्या दिवशी, तार कापल्यावर, मी माझी केबल अंथरली. टीव्हीवर स्वच्छ चित्र आलं, इंतिसार चौरंगावर येऊन बसली. पण एकही चादर उतरली नाही. गाणाऱ्या बायका ढोलकी मांडीवर घेऊन गप्प, आणि नटलेली पोर रडवेली होऊन खाली बघत होती. माझ्यावर तरी त्यांनी कशाला विश्वास ठेवावा? मीच दोनदा त्या भिंतीवर ठेवला होता.

तेव्हा हाज्जा मबरूका कॅमेऱ्यापाशी आली. गुडघे धरत खाली बसली आणि केबल मुठीत घेतली. मग वाकून, एका हातापुढे दुसरा हात टाकत, ती केबलीबरोबर चालायला लागली. खुर्च्यांखालून, गालिच्याच्या कडेने, बायकांच्या पायांमधून. जिथे पाय आड आला तिथे "सरक गं" म्हणाली. तीस मीटर. एक इंचही सोडला नाही. कुठे जोड नव्हता, कुठे फाटा नव्हता, भिंतीपासून दोन हात लांब. टीव्हीच्या मागची पिन तिने चिमटीत धरली आणि ओढून बघितली. ती हलली नाही.

ती सरळ उभी राहिली. सगळ्या तिच्याकडे बघत होत्या.

"इथून तिथे," ती म्हणाली. "मधे कोणी नाही."

आणि तिने आपली चादर काढून माझ्या अंगावर फेकली. "आता वाजवा गं, बघता काय!"