समोरच्या गोलकीपरला नमस्कार

हिरानुमाचा उजवा खांदा गेला तो ढोल बडवून. डॉक्टरांनी एक्स-रे दिव्यासमोर धरला आणि सांगितलं, की आता एकतर ढोल ठेवा नाहीतर खांदा. त्यानं घरी येऊन बायकोला विचारलं, काय करू. सुमिए इस्त्री करत होती. मान वर न करता ती म्हणाली, "खांदा ठेवा. ढोलानं शर्टांना इस्त्री होत नाही."

लाँड्रीवाल्याच्या बायकोनं दुसरं काय म्हणायचं. पण हिरानुमाचा जीव त्या ढोलात अडकला होता. उराहामा गावच्या फुटबॉल मैदानावर गोलच्या मागं, उभ्यानं मॅच बघायच्या जागेत, तो तीसेक वर्षं ढोल वाजवत आला होता. आपला संघ लीगच्या तिसऱ्या वर्गात, आणि तिथंही खालून मोजायला सोपा. एके काळी त्या जागेत मुंगीला शिरायला वाव नसायचा. आता डझनभर म्हातारे उरले होते, आणि त्यांतला सगळ्यात तरुण म्हणजे रिटायर झालेला पोस्टमन कुवाबाता.

ढोल कोण घेतो, असं हिरानुमानं एकेकाला विचारून पाहिलं. प्रत्येकानं आपापलं दुखणं पुढं केलं. एकाचा गुडघा, एकाची कंबर, एकाचा मोतीबिंदू. मोतीबिंदूचा आणि ढोलाचा काय संबंध, असं हिरानुमा वैतागून म्हणाला, तर उत्तर आलं, की दिसलंच नाही तर गोल झाला हे कळणार कसं. त्यावर कुवाबाता थर्मासमधला चहा ओतता ओतता म्हणाला, की गोल होतो कुठं. विषय तिथंच संपला. हिरानुमाला मात्र घोर लागला. हा हंगाम संपला की ढोल माळ्यावर जाणार, आणि एकदा माळ्यावर गेलेली वस्तू खाली येत नाही हे त्याला चांगलं ठाऊक होतं.

तेवढ्यात क्लबची ओरितो नावाची मुलगी लाँड्रीत आली. इकामारूचं कातडं धुवायला आणलं होतं. इकामारू म्हणजे क्लबचा शुभंकर, दहा पायांचा नाचरा माकूळ, आणि त्याच्या आत घामेजलेला माणूस असतो, त्यामुळं वास खऱ्या माकळालाही मागं टाकणारा. नाकाला रुमाल लावून ओरितोनं बातमी दिली, की ऑक्टोबरात ताकानो संघाविरुद्धच्या मॅचला गावच्या प्राथमिक शाळेच्या पोरांना शंभर येनमध्ये तिकीट द्यायचं ठरलंय. मुख्य स्टँड दुरुस्तीला काढलंय, म्हणून पोरं गोलमागं उभी राहतील. चालेल ना?

चालेल ना म्हणे. हिरानुमानं त्या दिवशी माकळाच्या धुलाईचे पैसे घेतले नाहीत. दोनशे पोरं. दोनशेंतलं एक तरी ढोलाला हात लावणारं निघेलच की.

मॅचच्या आदल्या आठवड्यात तो ढोल घेऊन शाळेत गेला, पोरांना गाणी शिकवायला. मुख्याध्यापक मुसाका यांनी आधी गाण्यांचा कागद मागून घेतला आणि लाल पेन काढलं. समोरच्या गोलकीपरच्या हाताला भोकं आहेत, हे कडवं गेलं. समोरच्या गोलकीपरचे केस त्याच्या आधी घरी गेले, हेही गेलं. शेवटी गावाचं नाव आणि तीन टाळ्या एवढंच उरलं.

"आमची शाळा नमस्कारासाठी प्रसिद्ध आहे, हिरानुमा-सान," मुख्याध्यापक समजावून सांगू लागले. "गेल्या वर्षी जिल्ह्याची ढाल मिळाली. कोणी वाकून नमस्कार केला की उत्तर दिल्याशिवाय सोडायचा नाही. मोठ्या माणसानं हाक मारली की मोठ्यानं 'हो' म्हणायचं. हे मुलांच्या अंगात मुरलंय. ते तेवढं बिघडवू नका."

हिरानुमानं मान डोलावली. ढाल घेऊन काय करतात, असं त्याच्या अगदी जिभेवर आलं होतं.

ढोलापुढं मात्र रांग लागली. प्रत्येकानं एकेक टोला मारला आणि पुढं सरकला. तिसरीतली चिनात्सु नावाची एक चिमुरडी तेवढी टोला मारून तिथंच उभी राहिली. आजोबा, हा कशाला वाजवायचा, असं तिनं विचारलं. आपण मागं उभे आहोत हे आपल्या खेळाडूंना कळावं म्हणून, हिरानुमा म्हणाला. तिनं जरा विचार केला.

"आणि समोरच्यांना कोण सांगतं?"

"त्यांचं ते बघून घेतील," हिरानुमा म्हणाला आणि पुढच्या पोराला बोलावलं.

मॅचच्या दिवशी पिवळ्या टोप्या घातलेली दोनशे पोरं रांगेत आली, रांगेत उभी राहिली आणि रांगेतच त्यांनी भाताचे गोळे खाल्ले. एवढी गर्दी गोलमागं कित्येक वर्षांत झाली नव्हती. म्हाताऱ्यांना तर भरून आलं. कुवाबातानं स्वतःहून चहा वाटला.

पण पहिल्या हाफमध्ये सगळा विचका झाला. आपला गोलकीपर या बाजूला उभा होता. पोरांनी त्याच्या पाठीला एकसुरात नमस्कार घातला. आता भर मॅचमध्ये गोलकीपर मागं वळून बघणार कसा? त्यानं नाही बघितलं, आणि पोरांची तोंडं उतरली. उत्तर न मिळालेला नमस्कार त्यांनी जन्मात पाहिला नव्हता. मग हिरानुमाच्या ढोलावर ती टाळ्या वाजवत राहिली, पण ड्रिलच्या तासाला वाजवतात तशा, हिशोबात आणि निर्जीव. थोड्या वेळानं कोणी चतुर पकडायला लागलं, कोणी इकामारूचे पाय मोजायला. आठच आहेत, दहा पाहिजेत, अशी तक्रारही आली. (दोन लाँड्रीत आटले होते. त्याबद्दल हिरानुमानं अवाक्षर काढलं नाही.) हाफटाइमला गोल शून्य-शून्य, खांदा ठणकत होता, आणि ढोलाकडं कोणी ढुंकूनही बघत नव्हतं.

दुसऱ्या हाफमध्ये बाजू बदलल्या आणि ताकानोचा गोलकीपर दोबाशी इकडं आला. चाळिशीला टेकलेला, डोक्यावर मधोमध विरळ झालेला हा गडी गेली पंधरा वर्षं इथं येत होता. रीत अशी, की पाहुणा गोलकीपर आला की आधी समोरच्या गर्दीला वाकून नमस्कार करतो, आणि गर्दी त्याची हुर्यो उडवते. दोबाशी इमानानं वाकायचा आणि हिरानुमा तितक्याच इमानानं त्याच्या केसांवरून त्याला बोलायचा. दोघांचं कधी बिनसलं नव्हतं.

आजही दोबाशी वाकला. म्हाताऱ्यांनी हुर्यो करायला छाती भरून घेतली, तोच दोनशे पिवळ्या टोप्या कमरेत वाकल्या आणि मैदान दणाणलं.

"नमस्कार! लोभ असू द्या!"

दोबाशीनं आधी मागं वळून पाहिलं, की हे नक्की कोणाला चाललंय. मागं कोणी नव्हतं. मग तो पुन्हा वाकला, या खेपेला जास्त खाली. आता आलेला नमस्कार सोडायचा कसा? पोरं पुन्हा वाकली. दोबाशीही चांगल्या घरचा, त्यालाही सोडवेना. असं चार-पाच वेळा झालं. रेफरी शिट्टी तोंडात धरून घड्याळाकडं बघत उभा. मुख्याध्यापक मुसाका रुमालानं डोळे टिपत होते. शेवटी रेफरीनं शिट्टी वाजवली तेव्हा दोबाशी अर्धा वाकलेलाच होता.

इथवर ठीक होतं. पण गोलकीपर म्हणजे मैदानातला सगळ्यात मोठ्यानं ओरडणारा माणूस. दोबाशी आपल्या बचाव फळीवर ओरडला, "मागे या!" मागून आवाज आला, "हो!" आणि दोनशे पोरं एक पायरी मागं सरकली. "डावीकडे!" "हो!" सगळी डावीकडं. डावीकडं कुवाबाता होता, तो थर्माससकट कठड्याला चिकटला. "रांग सोडू नका!" हे तर पोरांना आईच्या दुधाबरोबर मिळालेलं. अशी सरळ रांग उराहामात कोणी पाहिली नसेल. आणि चेहरे काय फुलले होते. मोठा माणूस आपल्याशी बोलतोय, आपण उत्तर देतोय, आणि तो वाईटही वाटून घेत नाही. दोबाशीनं एक चेंडू अडवला तर पोरांनी अशा टाळ्या पिटल्या, की ढोल ऐकू येईना.

हिरानुमा रडकुंडीला आला. हीच ती दोनशे पोरं, ज्यांच्यातून ढोलाला वारस मिळायचा होता. ती सगळीच्या सगळी शत्रूच्या गोटात गेली होती, आणि तीही शंभर येनमध्ये. त्यानं दात-ओठ खाऊन टोले हाणले. पोरांनी मागं वळून त्याच्याकडं 'जरा हळू, ते बोलतायत' अशा नजरेनं पाहिलं.

मॅच संपत आली होती. उजवीकडून आपल्या एका खेळाडूनं एक उंच चेंडू आत टाकला. दोबाशी पुढं धावला आणि गोलकीपर ओरडतात तसा ओरडला, "माझा!"

"हो!" दोनशे गळे म्हणाले.

ताकानोच्या बचावपटूला वाटलं, गोलकीपर घेतोय. दोबाशीला वाटलं, बचावपटूनं घेतो म्हटलं. दोघंही थबकले. चेंडू मध्ये टप्पा खाऊन आपल्या सेंटर फॉरवर्डच्या गुडघ्यावर आदळला आणि जाळ्यात गेला. या फॉरवर्डनं वसंतानंतर गोल केला नव्हता, आणि हाही त्यानं केला असं म्हणणं धाडसाचं होईल.

म्हातारे एकमेकांच्या गळ्यात पडले. मोतीबिंदूवाला काय झालं काय झालं विचारत होता. हिरानुमानं देहभान विसरून हात उचलला, असा टोला हाणला की बंदरापर्यंत जावा, आणि त्याच क्षणी खांद्यात काहीतरी सटकलं. डोळ्यांपुढं काजवे चमकले. हात खाली लोंबला तो वर येईना. ढोल गप्प झाला.

तेव्हा त्याला कळलं, की बाकी सगळंच गप्प आहे. पोरांच्या ध्यानात आलं होतं, की हे आपल्यामुळं झालं. दोबाशी गवतावर पालथा पडला होता. पिवळ्या टोप्या हळूच वाकल्या. "माफ करा," असं कसंबसं ऐकू आलं. दोबाशी उठला, त्यानं गुडघे झटकले, त्यांच्याकडं पाहिलं आणि हात हलवून सांगितलं, की नाही नाही, चूक माझीच. आणि वाकला.

चिनात्सु ढोलापाशी आली. नाक लाल झालं होतं.

"आजोबा, त्यांच्या मागं कोणीच नाहीये. द्या मला, मी सांगते त्यांना."

डझनभर म्हातारे हिरानुमाकडं बघायला लागले. तीस वर्षांत हा ढोल दुसऱ्या कोणासाठी वाजला नव्हता. पाऊस असो, हार असो, एकदा तर सात गोल खाल्ले तरी नाही. कुवाबाता दबक्या आवाजात म्हणाला, की अरे, शोभतं का हे? हिरानुमाला मनातून रागही आला आणि रडूही आलं. ढोल मागायला कोणीतरी आलं होतं, ज्याची तो वाट बघत होता ते अगदी समोर उभं होतं, आणि मागत होतं ते दोबाशीसाठी.

त्यानं डाव्या हातानं टिपऱ्या पुढं केल्या.

"बरोबर मध्यावर मार," तो म्हणाला. "काठाला मारलंस तर आवाज फाटतो."

तिनं मारला. पहिला काठालाच लागला. दुसरा बरोबर बसला. मग पोरांना सूर सापडला, आणि दोबाशी-सान, हिंमत धरा, असं सगळं उराहामा ओरडायला लागलं. मुख्याध्यापक ओरडत होते. इकामारू आठ पायांनी नाचत होता. दोबाशीनं उरलेल्या वेळात दोन चेंडू असे अडवले, की आपल्या फॉरवर्डनं डोक्याला हात लावला. मॅच एक-शून्य आपणच जिंकलो, आणि कोणाला वाईट वाटलं नाही.

शिट्टी झाल्यावर दोबाशी कठड्यापाशी आला. पोरांशी नमस्कार-चमत्कार उरकले. मग त्यानं हिरानुमाकडं पाहिलं.

"आज केसांबद्दल काही नाही?"

"खांदा गेलाय," हिरानुमा म्हणाला. "पुढच्या वर्षी बघू."

दोन आठवड्यांनी पुढची मॅच होती. सवलत नव्हती, शाळा नव्हती, वरून वारा बोचरा. गळ्यात हात बांधलेला हिरानुमा ढोल हातगाडीवर घालून घेऊन आला, तोही फक्त घरी राहवेना म्हणून. वाजवणार कोण, असं सुमिएनं विचारलं होतं. तो ढोलाशेजारी नुसता उभा राहिला. सगळं संपलंय हे त्याला आता पटलं होतं.

हाफटाइमच्या थोडं आधी चिनात्सु आली. आईला हाताला धरून ओढत आणलं होतं आणि मागं शाळेतली सात-आठ पोरं, कोणाचे बाप, कोणाच्या आज्या. पूर्ण तिकिटं काढून. आईनं आल्या आल्या तक्रार केली, की हिनं दोन आठवडे घरात पातेली बडवून डोकं उठवलंय.

"आज कोणते गोलकीपर आहेत?" चिनात्सुनं टिपऱ्या उचलत विचारलं.

"आहे एक लांबुडका. शिष्ट. तो नमस्कारबिमस्कार करत नाही कधी."

"मग आधी आपण करू," ती म्हणाली. तिच्या लेखी त्यात अवघड काही नव्हतं.

दुसऱ्या हाफला तो लांबुडका आला, पाठ फिरवून हातमोजे नीट करत उभा राहिला. चिनात्सुनं ढोलावर एक टोला दिला, मध्यावर. पोरं वाकली. आज्या वाकल्या. कुवाबाता इकडं-तिकडं बघून वाकला, मग गुडघेवाला, कंबरवाला, मोतीबिंदूवाला, भलत्याच दिशेला तोंड करून. शेवटी हिरानुमाही वाकला, आयुष्यात पहिल्यांदा समोरच्या गोलकीपरपुढं. खांद्यातून कळ गेली. तो खाली वाकलेला असतानाच ढोल पुन्हा वाजला, मग आणखी एकदा, आणि त्याला जरा वेळ वर उठावंसंच वाटलं नाही.